अंदाज-बाजार (टेनिस सामने)

पुढे लागणाऱ्या निकालावरचे करार विकत घेण्या-विकण्याची व्यवस्था म्हणजे अंदाज-बाजार. टेनिसच्या एकेरी सामन्यात खेळाडू दोनच असतात, सामना बरोबरीत सुटत नाही आणि निकाल काही तासांत लागतो. त्यामुळे या बाजाराची रचना टेनिसमध्ये सर्वांत स्वच्छ दिसते.

पूर्वपीठिका : निकालावर पैसा लावण्याची चाल मुंबईला जुनीच. एकोणिसाव्या शतकात इथे पावसावर सट्टा चाले. तो मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ च्या कक्षेत आणण्यासाठी १८९० मध्ये दुरुस्ती करावी लागली. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर आकडा लागू लागला. आधुनिक अंदाज-बाजाराचा आरंभ १९८८ मध्ये आयोवा विद्यापीठात, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर झाला.

भाव : समजा, बरोबर ठरलेल्या कराराला १० रुपये मिळतात. ‘अ जिंकेल’ हा करार कोणी ६.५० रुपयांना घेतला, तर ‘ब जिंकेल’ म्हणणारा समोरून ३.५० रुपये टाकतो. बाजाराच्या मते ‘अ’ जिंकण्याची शक्यता ६५ टक्के आहे, एवढाच या भावाचा अर्थ. असे शंभर सामने झाले तर साधारण पस्तिसांत ‘अ’ हरेल, हेही त्यातच आले. बुकीकडे भाव बुकी ठरवतो आणि आपला नफा त्यातच धरतो. इथे भाव घेणारे-विकणारेच ठरवतात, चालक दलाली घेतो. सट्टेबाजांच्या भाषेत एखाद्या खेळाडूवर ‘लावणे’ आणि त्याच्याविरुद्ध ‘खाणे’ या दोन्ही बाजू इथे सर्वांना खुल्या असतात. ‘अ’ने पहिला सेट घेतल्यावर भाव ८.२० झाला, तर करार विकून सामना संपण्याआधीच १.७० रुपये सुटतात. सेट गमावला तर तोटाही तितक्याच झटपट होतो.

टेनिसचे गणित : सर्व्हिस करणारा खेळाडू दर शंभरातले ६० गुण जिंकत असेल, तर तो सर्व्हिसचे सुमारे ७४ टक्के गेम जिंकतो. लहानसे वरचढपण गेम आणि सेटमधून असे वाढत जाते. म्हणूनच एका सर्व्हिस ब्रेकने भाव एकदम उसळतो. दोघांचीही सर्व्हिस भेदक असली की मात्र अंदाज अवघड होतो. पुण्यातील महाराष्ट्र ओपनच्या २०१९ च्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसनने ३९ वर्षांच्या इवो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असे हरवले. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले आणि शेवटचा टायब्रेक ७-५ असा सुटला.

मर्यादा : पुण्यातल्या बालेवाडीच्या कोर्टवर झालेला गुण पनवेलमधल्या घरात टीव्हीवर काही सेकंद उशिरा दिसतो. कोर्टजवळ बसलेल्याला तेवढे सेकंद पुरतात. घरून व्यवहार करणारा जुन्या माहितीवर पैसे टाकत असतो. खेळाडूने दुखापतीमुळे सामना सोडला, तर करार रद्द होतो की निकाली निघतो, हे प्रत्येक चालकाच्या नियमावर अवलंबून असते. एक गुण किंवा एक गेम मुद्दाम सोडणे एकट्या खेळाडूच्या हातात असल्याने गैरप्रकाराचा धोकाही मोठा. व्यावसायिक खेळाडूंना टेनिसवर पैज लावण्यास पूर्ण बंदी आहे. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस इंटिग्रिटी एजन्सी त्यावर देखरेख ठेवते.

कायदा : भारतात असे व्यवहार ‘ओपिनियन ट्रेडिंग’ या नावाने पसरले. ते आपल्या नियमनात येत नाहीत आणि त्यांत गुंतवणूकदाराला संरक्षण नाही, असा इशारा रोखे बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने एप्रिल २०२५ मध्ये दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अशा खेळांची जाहिरात करणे आणि बँकांनी त्यांसाठी पैशाचे व्यवहार करून देणे यांवरही बंदी आहे. हा केंद्रीय कायदा असल्याने पनवेल असो वा पुणे, नियम एकच. तरीही बाजारातले भाव हे सामना समजून घेण्याचे उत्तम साधन आहे आणि त्यासाठी खिशातला एकही रुपया लावावा लागत नाही.