जालना परिसरातील ख्रिस्ती आशा : पापमुक्ती, आरोग्य आणि बेथेल

प्रस्तावना

जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. एकोणिसाव्या शतकात हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि जालना येथे इंग्रजी लष्कराची छावणी होती. १८६० च्या दशकापासून रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने येथे कार्य केले. त्यांच्या शिकवणीला प्रतिसाद देणाऱ्यांमध्ये मांग समाजातील कुटुंबे प्रामुख्याने होती. मशीहाद्वारे पापमुक्ती हा विचार या समाजाला कोणत्या अर्थाने आशादायक ठरला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

दोन भाऊ, दोन प्रकारची शुद्धी

नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकत असताना १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि अल्पवयीन श्रीपतला त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याच्या प्रायश्चित्ताचा पक्ष धैर्याने मांडला.

या प्रसंगात शुद्धीच्या दोन कल्पना समोरासमोर आलेल्या दिसतात. श्रीपतला लागलेला दोष हा सहवासाचा व अन्नोदकाचा होता, म्हणून त्यावर विधीचा उपाय होता. नारायणरावांनी स्वीकारलेल्या मतानुसार पाप हे अंतःकरणाचे असून ते सर्व मनुष्यांत सारखेच आहे.

पाप आणि आरोग्य

बायबलमध्ये पापक्षमा व रोगनिवारण यांचा निकटचा संबंध आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या जखमांतून इतरांना आरोग्य मिळते. मार्ककृत शुभवर्तमानात येशू पक्षाघाती मनुष्याला प्रथम क्षमा करतो व नंतर उठून चालावयास सांगतो. कुष्ठरोग्याला तो हात लावून बरे करतो. ग्रीक भाषेत तारणे आणि बरे करणे या दोन्ही अर्थांनी एकच क्रियापद येते.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या श्रोत्यांच्या दृष्टीने यातील स्पर्शाचे महत्त्व उघड आहे. पाप हा सर्वांचाच रोग असेल, तर जन्माने कोणी शुद्ध वा अशुद्ध ठरत नाही; पुरोहित आणि मांग हे एकाच वैद्याचे रोगी ठरतात. या समाजाची वेदना किती तीव्र होती, हे मुक्ता साळवे या मांग विद्यार्थिनीच्या १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झालेल्या निबंधावरून कळते. आपल्याला नेमका धर्म कोणता, हा तिचा प्रश्न होता.

बेथेल : आशेचे भौतिक रूप

सालारजंग हे हैदराबादचे दिवाण असताना (१८५३–१८८३) निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वस्ती वसविण्यात आली. ‘देवाचे घर’ असा या हिब्रू नावाचा अर्थ आहे. गावकीत मांगांचा वाटा सेवेचा आणि त्यांचे स्थान गावाबाहेरचे होते. बेथेलमध्ये त्यांना स्वतःचे गाव, शेती व उपासनेचे स्थान लाभले. पुढे जालन्यातील मिशन रुग्णालयाने आरोग्याची ही कल्पना प्रत्यक्ष सेवेत उतरविली. नारायणराव १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस उपस्थित होते. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मर्यादा

स्वतंत्र वस्तीमुळे गावकीच्या सक्तीपासून अंतर मिळाले, तसाच उर्वरित गावाशी दुरावाही आला. शिवाय बाप्तिस्म्याने जात समाजाच्या दृष्टीतून पुसली जात नाही, हे महाराष्ट्रातील व देशातील ख्रिस्ती समाजाच्या अनुभवावरून दिसते. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने ही मान्यता प्रथम मुख्यतः हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलितांचा झालेला नाही. धर्म बदलताच जातीची व्यथा संपते, हे कायद्याचे गृहीतक त्यांच्या जगण्याशी जुळत नाही.

निष्कर्ष

जालन्यातील ख्रिस्ती आशा केवळ परलोकापुरती नव्हती. पापमुक्तीच्या शिकवणीने जन्मजात विटाळाची कल्पना नाकारली आणि बेथेलने त्या नकाराला जमिनीचा आधार दिला. मात्र ज्या रोगातून मुक्तीची ही आशा होती, तो पीडितापेक्षा समाजव्यवस्थेत अधिक खोल रुजलेला होता. म्हणून या इतिहासाचे मूल्यमापन धर्मांतरितांच्या संख्येवरून न करता, त्यांना मिळालेल्या व नाकारल्या गेलेल्या प्रतिष्ठेवरून करणे अधिक उचित ठरेल.