जुना ट्रॅक्टर ठेवावा की नवा घ्यावा? जालना जिल्ह्यासाठी तुलना

कपाशी, सोयाबीन आणि मोसंबी असलेल्या जालना जिल्ह्यात ४५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर नांगरटीपासून बागेतील फवारणीपर्यंत सगळीकडे चालतो. जुना देऊन नवा घेताना मात्र नुसत्या एचपीवर जाऊ नका.

महिंद्राचेच उदाहरण घ्या. जुना ५७५ डीआय ४५ एचपीचा, पीटीओवर ३९.८ एचपी, नवा ५७५ डीआय एक्सपी प्लस सुमारे ४७ एचपीचा, पीटीओवर ४२ एचपी. रोटाव्हेटरला मिळणारी ताकद जेमतेम सव्वादोन एचपीने वाढली. लिफ्टची क्षमता तर जुन्याची १६०० किलो आणि नव्याची १५०० किलो. म्हणजे जुन्याला जड जाणारे अवजार नव्यालाही सहज पेलेल असे नाही.

खरा फरक क्लच आणि ब्रेकमध्ये असतो. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच पूर्ण दाबला की पीटीओही थांबतो. मोसंबीच्या ओळीत ब्लोअर चालवताना झाडाजवळ थांबलात की फवारा तुटतो. ड्युअल क्लचमध्ये गाडी उभी राहते, ब्लोअर चालू राहतो. ऑइल ब्रेक चिखलपाण्यात कोरड्या ब्रेकपेक्षा भरवशाचे. ऊस किंवा कपाशीची ट्रॉली ओढणाऱ्यांनी याला जास्त महत्त्व द्यावे. बागही नाही, ट्रॉलीही नाही, तर या दोन गोष्टींसाठी कर्ज काढण्यात फारसा अर्थ नाही.

डिझेलची तुलना आपल्याच रानात करा. वाफशावर, एकच अवजार, तीच खोली. सपाट जागी टाकी काठोकाठ भरा, दोन एकर काम करा आणि मापाने परत तेवढीच भरा. सोबत चाकाची घसरणही मोजा. मागच्या टायरवर खडूची खूण करून दहा फेरे अवजार उचलून आणि दहा फेरे अवजार जमिनीत घालून चालवा. रिकामे अंतर ४० मीटर आणि कामातले ३५ मीटर आले तर घसरण साडेबारा टक्के, ती चालेल. पंधराच्या वर गेली तर डिझेल टायरखाली जाते आहे. दोष इंजिनचा नसून झिजलेल्या टायरचा किंवा कमी वजनाचा असू शकतो.

आता पैसे. समजा वरचे ५ लाख भरावे लागतात आणि व्याज व घसारा मिळून वर्षाला ९०,००० रुपये पडतात. ट्रॅक्टर वर्षाला ४५० तास चालत असेल तर तासाला २०० रुपयांचा बोजा. नव्याने तासाला एक लिटर डिझेल वाचवले, तरी लिटरला ९० रुपयेच धरा. भाड्याची कामे धरून ९०० तास झाले, तर बोजा १०० रुपयांवर येतो आणि सौद्याचा विचार करता येतो.

जुन्याचा धूर निळा असेल, तेल वारंवार टाकावे लागत असेल, तर आधी मेकॅनिककडून इंजिनकामाचा लेखी अंदाज घ्या आणि त्याच कागदावर वरचा हिशोब मांडा. नव्या मॉडेलसाठी विक्रेत्याकडे मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. पत्रकातील आकड्यांपेक्षा त्यातील पीटीओ आणि डिझेलचे आकडे पाहा.