गंगापूर धरण

गंगापूर धरण हे महाराष्ट्रातील नाशिक शहराच्या पश्चिमेस गोदावरी नदीवर असलेले मातीचे धरण आहे. ते १९६५ मध्ये पूर्ण झाले. गंगापूर रोड हा मार्ग शहराला धरण परिसराशी जोडतो.

मुख्यतः सिंचनासाठी उभारलेल्या या धरणावर पुढे नाशिक शहर व औद्योगिक वसाहतींच्या पाणीपुरवठ्याचा भार वाढला. एकलहरे औष्णिक विद्युत केंद्रासही गोदावरीचेच पाणी लागते. गंगापूर रोडलगतची बरीच शेतजमीन निवासी वसाहतींखाली गेली.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार, तुटीच्या वर्षी ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडले जाते. त्यावरून नाशिक व मराठवाड्यातील शेतकऱ्यांत वारंवार वाद उद्भवतो.