पेन्सिल कच्ची, शाई पक्की

आमच्या वरणगावात ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे देशभरातली माणसं नोकरीला आली आणि त्यांच्यासोबत त्यांच्या मुलांची पुस्तकंही आली. त्यामुळे कॉमिक्सची आमच्याकडे कधी टंचाई नव्हती. उरलेली भूक भुसावळ स्टेशनवरचा बुकस्टॉल भागवायचा. वेताळ, मँड्रेक, बहादूर, अमर चित्र कथा असं सगळं आम्ही वाचलं. पण ही चित्रं काढतं कोण आणि कशी, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचं उत्तर शोधत गेलो तर अजिंठा, बुऱ्हाणपूर आणि अकबराचा तसवीरखाना अशी वळणं घ्यावी लागली.

आधी कामाची रीत समजून घेऊ. कॉमिक्सचं पान दोनदा काढलं जातं. लेखकाची संहिता हातात आली की चित्रकार पानाच्या चौकटी पाडतो. कुठल्या चौकटीत कोण उभं राहील, संवादाचा फुगा कुठे बसेल आणि वाचकाची नजर कुठून कुठे जाईल, हे सगळं पेन्सिलीत ठरतं. ही रेघ हलकी असते, खोडता येते. मग त्यावर शाई चढते. बारीक रेघेसाठी निब आणि जाड-बारीक होत जाणाऱ्या रेघेसाठी ब्रश वापरतात. सावलीसाठी पूर्ण काळे भाग भरतात किंवा तिरक्या रेघांची जाळी विणतात. शाई वाळली की पेन्सिल खोडतात आणि चुकलेल्या जागी पांढरा रंग लावतात.

एकच चित्र दोनदा काढण्यामागे छपाईचं कारण होतं. जुन्या छपाईत रेखाचित्राचा फोटो घेऊन ब्लॉक किंवा प्लेट करत. त्या प्रक्रियेला फक्त काळं आणि पांढरं कळायचं. पेन्सिलीचा करडा रंग तिथे टिकत नसे, तुटक तरी उमटे किंवा गायबच होई. म्हणून काही चित्रकार कच्चं काम फिकट निळ्या पेन्सिलीने करत. तो निळा रंग कॅमेऱ्याला दिसत नसल्याने खोडण्याचीही गरज उरत नसे. मूळ चित्र छापील आकारापेक्षा मोठं काढत, म्हणजे लहान करताना रेघ घट्ट दिसे.

अमेरिकेत या दोन पायऱ्यांचे दोन वेगळे धंदे झाले. पेन्सिलवाला वेगळा, शाईवाला वेगळा. ‘फँटॅस्टिक फोर’च्या गाजलेल्या अंकांत पेन्सिल जॅक कर्बीची आणि शाई जो सिनॉटची आहे. याच कर्बीच्या पेन्सिलीवर व्हिन्स कोलेटाही शाई चढवत असे. वेळ गाठण्यासाठी तो मागची माणसं आणि इमारती सरळ खोडून टाकायचा, असा आरोप कर्बीचे चाहते आजही करतात. पेन्सिलीत दहा माणसं असली तरी छापून येणार तीच, ज्यांच्यावर शाई चढली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या जिल्ह्याच्या वेशीवर अजिंठा आहे. तिथल्या चित्रकारांनी भिंतीवर मातीचा लेप देऊन त्यावर पांढरं अस्तर चढवलं, गेरूच्या लाल रेघेने आकृत्या काढल्या, रंग भरले आणि शेवटी गडद रेघेने आकार पुन्हा पक्के केले. कच्ची रेघ आणि पक्की रेघ हा क्रम कॉमिक्सच्या कैक शतकं आधीचा आहे.

दुसरा टप्पा अकबराच्या तसवीरखान्याचा. इराणहून हुमायूनसोबत आलेल्या मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद या उस्तादांनी त्याची घडी बसवली. इथे एकेक चित्र अनेक हातांतून जाई. आखणी करणारा एक, ते काम ‘तर्ह’. रंगकाम करणारा दुसरा, ते ‘अमल’. चेहरे रंगवायला कधी तिसराच, त्याला ‘चेहरानामी’ म्हणत. चित्राच्या खाली कारकून ही नावं लिहून ठेवत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या ‘अकबरनामा’त अकबर हवाई नावाच्या हत्तीवर बसल्याचं प्रसिद्ध चित्र आहे. त्याची आखणी बसावनची आणि रंगकाम छतरचं. आजच्या कॉमिक्सच्या पहिल्या पानावर छापतात तशीच ही श्रेयनामावली आहे.

ती नावं कुणाची होती तेही पाहा. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने 17 नामवंत चित्रकार मोजले, त्यांतले 13 हिंदू. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा होता. महाभारताचा फारसी तर्जुमा ‘रज्मनामा’ चित्रबद्ध झाला तेव्हा त्यातल्या अनेक चित्रांची आखणी या दसवंतने केली. बादशहा मुसलमान, कथा महाभारताची, भाषा फारसी आणि हात कहाराच्या पोराचा. यातलं काय कुणाचं, हे वेगळं काढून दाखवा.

तिसरा टप्पा आमच्या शेजारचा आहे. बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी, म्हणजे जुन्या खानदेशाचं हृदय. 1601 मध्ये असीरगड पडला आणि हा मुलूख मोगलांकडे गेला. अकबराचा सेनापती अब्दुर्रहीम खानखाना, आपण ज्यांना दोह्यांचे रहीम म्हणून ओळखतो ते, दख्खनच्या कारभारासाठी वर्षानुवर्षं बुऱ्हाणपुरात राहिले. त्यांनी स्वतःसाठी रामायणाची सचित्र फारसी प्रत करवून घेतली. 1597 ते 1605 या काळात तयार झालेली ही प्रत आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. श्यामसुंदर आणि मुश्फिक हे त्यांच्या पदरचे चित्रकार. या दोन नावांना एकाच कारखान्यात बसायला काही अडचण आली नाही.

हा धागा विसाव्या शतकात तुटला का? माझ्या मते नाही. 1967 मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली मुंबईतून अमर चित्र कथा सुरू झाली. राम वाईरकरांनी ‘कृष्ण’ काढला, प्रताप मुळीकांनी ‘शिवाजी’ काढला. आणि 1972 च्या ‘मीराबाई’चे चित्रकार होते युसूफ लिएन. कृष्णाच्या प्रेमात बुडालेली मीरा घराघरांत पोचली ती एका युसूफच्या रेघेतून.

टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये 1976 साली बहादूर अवतरला, चंबळच्या डाकूंशी लढणारा देशी नायक. तो निर्माण केला आबिद सुरतींनी. हे गुजराती मुसलमान, लहानपण मुंबईच्या डोंगरीत गेलेलं, चित्रकला जे. जे. मध्ये शिकलेली. ‘धर्मयुग’मधला त्यांचा ढब्बूजी हिंदी घरांत वर्षानुवर्षं हसवत होता. बहादूरची चित्रं काढली गोविंद ब्राह्मणियांनी. आबिद आणि गोविंद, पुन्हा तीच जोडी.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शाईत ताकद असते. त्याच चेहऱ्यावर सावली हलकी ठेवली तर तो दयाळू दिसतो, भुवईखाली काळा भाग भरला तर क्रूर दिसतो. ऐतिहासिक कॉमिक्समधले मुसलमान बहुधा परके आणि आक्रमक म्हणून रंगवले गेले, अशी टीका अभ्यासकांनी अमर चित्र कथेवर केली आहे. त्याच मालिकेत ‘अकबर’, ‘चाँदबीबी’, ‘शेरशाह’, ‘सुलताना रझिया’ हे अंकही निघाले, हेही खरं. पण वाचणाऱ्या मुलाच्या मनात कुठला चेहरा राहतो, ते बऱ्याचदा त्या काळ्या भागावर ठरतं. खलनायकाची दाढी आपल्या अब्बांच्या दाढीसारखी दिसू लागली की आठ वर्षांचं पोर काही बोलत नाही, मुकाट्यानं पान उलटतं. मी तसं उलटलेलं आहे.

म्हणूनच मला कोलेटाचा आरोप महत्त्वाचा वाटतो. इतिहासाच्या कच्च्या पानावर दसवंत आहे, मुश्फिक आहे, श्यामसुंदर आहे, युसूफ आहे, आबिद आहे. आज पक्की शाई चढवण्याची घाई झालेली असताना गर्दीतली नेमकी हीच माणसं खोडली जात आहेत. खोडणारे दोन्हीकडे आहेत. कुणाला तसवीरखान्यातला कहाराचा मुलगा नको असतो, कुणाला मीरा रंगवणारा युसूफ नको असतो.

शाई हा शब्दच घ्या. तो फारसी ‘सियाही’वरून मराठीत आला. कागद, कलम, दौत हेही त्याच वाटेने आले. या शब्दांशिवाय मराठीत चित्रकाराचं टेबल मांडता येईल का?

दोस्तहो, एक विनंती आहे. घरात जुनं कॉमिक्स असेल तर मुलांना गोष्ट वाचून दाखवण्याआधी चित्रकाराचं नाव वाचून दाखवा. सुट्टीत अजिंठ्याला न्याल तेव्हा भिंतीवरची शेवटची गडद रेघ दाखवा. आणि तिथून बुऱ्हाणपूर फार लांब नाही. रहीम ज्या शहरात राहिले, तेही त्यांना एकदा पाहू द्या.