बंदुकांचे जुने कॅटलॉग : काळ ओळखण्याची वाट

प्रस्तावना

बंदूक बाळगायला परवाना लागतो, तिच्या कॅटलॉगला लागत नाही. पण कॅटलॉग जमवणाऱ्याची अडचण वेगळीच आहे : बंदूक-कंपन्यांच्या पुष्कळ जुन्या कॅटलॉगांवर छपाईचे साल नसते. किमतीचा कागद बदलला की तेच पुस्तक पुढेही चालत असे.

हे साल शोधण्याची रीत मुंबईच्या साकीनाक्यावरच शिकता येते. इथल्या एखाद्या वर्कशॉपचे जुने माहितीपत्रक घ्या. पत्त्यात ‘४०० ०७२’ असेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाल्यानंतरचेच. नुसता जुना टपाल क्रमांक ‘बॉम्बे ७२’ असेल, तर ते आधीचे असण्याचा संभव मोठा. पण सवयीने लोक जुना क्रमांक नंतरही लिहीत राहिले. आणे-पैंचेही तसेच : १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तरी जुने छापील कागद लगेच संपले नाहीत. या अभ्यासाचा मूळ नियम इथेच हाती येतो. नवी गोष्ट दिसली तर पुरावा पक्का. जुनी गोष्ट टिकलेली दिसली तर कच्चा.

हाच नियम बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट या बंदूक-कंपनीला लावून पाहू. १८९७ मध्ये कंपन्या एकत्र आल्या तेव्हा नाव लांबलचक होते, ‘वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’. १९०६ मध्ये ते ‘वेब्ली अँड स्कॉट’ एवढेच उरले. त्यांचे मार्क ६ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारले. म्हणून कॅटलॉगच्या मुखपृष्ठावरचे नाव आणि आतली सर्वांत नवी वस्तू, या दोन्ही गोष्टी आधी तपासाव्यात.

मुंबईकर संग्राहकाला जवळचा विषय म्हणजे आर्मी अँड नेव्ही ही विक्रीसंस्था. काळा घोड्याची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. संस्थेचे मुंबईतले दुकान १८९१ चे. तिच्या जाडजूड कॅटलॉगांत घरसामानाबरोबर बंदुका आणि काडतुसेही असत. १९३४ मध्ये ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ जाऊन नावात ‘स्टोअर्स’ आले. मात्र १९०७ च्या कॅटलॉगची फेरछपाई १९६९ मध्ये निघाली आहे. म्हणून मजकुराचे साल आणि कागदाचे साल वेगळे तपासावे. जुन्या खिळाछपाईत अक्षराचा दाब पानाच्या पाठीमागे बोटाला जाणवतो. ऑफसेटच्या फेरछपाईत तो नसतो आणि कोरीव चित्रांतल्या बारीक रेघा भिंगाखाली पुसट, एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

नोंद करताना एकच साल ठोकून देण्याचा मोह टाळावा. छोटे नाव आहे, पण मार्क ६ नाही, अशा वेब्ली कॅटलॉगवर ‘१९१०’ लिहू नये. ‘१९०६ नंतर, बहुधा १९१५ पूर्वी’ असे लिहावे. यातले ‘नंतर’ सिद्ध आहे आणि ‘पूर्वी’ हा अंदाज आहे. हा फरक नोंदीत राहिला, तर पुढच्या अभ्यासकाला तिच्यावर विसंबता येईल.