सत्तावीस गुणांची कुळकथा

क्रीडा प्रबोधिनी या सरकारी क्रीडाशाळेच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात ८ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना नऊ चाचण्या द्याव्या लागतात. उंची, वजन, ३० मीटर धाव, ६ गुणिले १० मीटरची शटल धाव, ८०० मीटर धाव, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, एक किलोच्या मेडिसिन बॉलची फेक आणि कमरेतून पुढे वाकण्याची लवचिकता या त्या नऊ. प्रत्येकीला तीन गुण, एकूण सत्तावीस. क्रीडा शिक्षक या सगळ्याला मिळून ‘बॅटरी टेस्ट’ म्हणतात. वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर आणि वर्धा या आठ तालुक्यांतली मुले आधी आपापल्या ठिकाणी, मग जिल्ह्याला, तिथून नागपूर विभागाला आणि शेवटी राज्य पातळीवर अशी चाळणीतून जातात. फीतपट्टी, स्टॉपवॉच, वजनकाटा आणि चुन्याची रेघ एवढ्या साहित्यात हे काम होते. साधन साधे असले तरी या नऊ चाचण्यांची घराणी वेगवेगळी आहेत आणि त्यांतली बहुतेक वर्ध्यापासून फार दूरची आहेत.

फीतपट्टी येण्याआधी पारख नजरेने होत असे. आखाड्यात नव्याने आलेल्या पोराचे मनगट, मानेचा पाया आणि खांद्यांची ठेवण वस्ताद पाहत. पण खरी परीक्षा पुढच्या काही महिन्यांत होई, कारण जोर-बैठकांचा कंटाळा कोणाला येतो हे पहिल्या दिवशी कळत नाही. आर्वी-आष्टीकडचा शेतकरी गवळाऊ गोऱ्हा घेताना जसा छाती, खूर आणि चाल बघून शेवटी दात बघतो, तशीच ही रीत होती: अनुभवाची, बरीचशी अचूक आणि सांगून शिकवता न येणारी. तिची मोठी उणीव अशी, की वस्ताद फक्त त्याच्या दारात आलेल्या पोरालाच पाहू शके. मुलगी तर त्या दारापर्यंत पोचतच नसे. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आखाड्याला संस्थेचे रूप दिले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने देशी खेळांचे पथक तिकडे नेले, तरी त्या काळातही निवडीचा आधार वस्तादाचा डोळाच होता.

वर्ध्यात त्याच सुमारास शरीराविषयी एक वेगळा विचार मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा, म्हणजे कामातून शिक्षणाचा, आराखडा तयार केला. त्यातल्या साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे होती आणि शारीरिक शिक्षणाला १० मिनिटे. हा व्यायामाचा अनादर नव्हता. हात-पाय, पाठ आणि श्वास कामातून घडतील, अशी ती धारणा होती. त्यामुळे कोणाची उडी किती लांब जाते हे मोजण्याचे कारणच उरत नव्हते. मोजणीची कल्पना आली ती दुसऱ्याच वाटेने.

ती वाट लंडनपासून सुरू होते. १८८४ साली तिथल्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गॉल्टन यांनी मानवमापनाची प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स देऊन आत गेलेल्याची उंची, वजन, हाताची पकड, ओढण्याचा जोर, फुंकरीचा जोर आणि नजर मोजली जाई. तिथे ९,३३७ माणसे मोजली गेली. गॉल्टन यांना खेळाडू नको होते. त्यांना आनुवंशिकतेचा हिशेब मांडायचा होता आणि सुप्रजननशास्त्राचा पुढे बदनाम झालेला विचारही त्यांचाच. पण एका माणसाचा आकडा हजारोंच्या आकड्यांशेजारी ठेवला की त्याची जागा कळते, ही रीत तिथे रुजली. सत्तावीसपैकी किती गुण द्यायचे याचा तक्ता त्याच रीतीचा वारस आहे.

रांगेतल्या चाचण्यांत सर्वांत स्पष्ट जन्मदाखला आहे तो जागेवरच्या उंच उडीचा. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे प्रमुख राहिलेले डडली सार्जंट यांनी १९२१ साली ती मांडली. आजही अनेक ठिकाणी ती ‘सार्जंट जंप’ म्हणून ओळखली जाते. भिंतीजवळ उभे राहून हात वर करायचा, बोटांना लावलेल्या खडूची खूण उमटवायची, मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण करायची. दोन खुणांमधले अंतर म्हणजे उडी. यातली खुबी वजाबाकीत आहे. उंच मुलाची पहिली खूणच वर असते, त्यामुळे उंचीचा फायदा त्याला मिळत नाही आणि हाती राहतो तो फक्त पायांचा झटका.

जागेवरची लांब उडी मात्र चाचणी होण्याआधी ऑलिंपिकमधली स्पर्धा होती. १९०० ते १९१२ या काळात ती खेळवली गेली. लहानपणी पोलिओने अधू झालेला आणि उड्यांच्या व्यायामातून सावरलेला अमेरिकेचा रे यूरी यात अजिंक्य ठरला. १९०४ साली त्याने ३.४७ मीटर उडी मारली. पुढे स्पर्धा बंद झाली, उडी मात्र शाळांच्या मैदानावर टिकली, कारण तिला खड्डा, धावपट्टी वा शिकवणी काहीच लागत नाही. पुढे वाकण्याच्या चाचणीला प्रमाणित रूप कॅथरीन वेल्स आणि एव्हलिन डिलन या दोघींनी १९५२ साली दिले. ३० मीटरची धाव ‘फ्लाइंग स्टार्ट’ने घेतात, म्हणजे मूल रेघेच्या मागून पळत येते आणि रेघेवर घड्याळ सुरू होते. शिट्टी ऐकून दचकणाऱ्या मुलाचे त्यात नुकसान होत नाही. शटल धावेत वळण्याला महत्त्व असते, आणि खो-खोच्या खांबाभोवती फिरण्याची सवय असलेले पोर तिथे उठून दिसते.

या सुट्या चाचण्यांचा संच बांधला तो शीतयुद्धाने. १९५४ च्या सुमारास हान्स क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले, की स्नायूंच्या अगदी किमान क्षमतेच्या चाचणीत निम्म्याहून अधिक अमेरिकी मुले नापास होतात, तर युरोपातली दहा टक्क्यांहूनही कमी. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ साली युवकांच्या तंदुरुस्तीसाठी परिषदच नेमली आणि शाळाशाळांतून धाव, उडी, फेक यांचे संच सुरू झाले. भारतात ग्वाल्हेरचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९५७ मध्ये निघाले आणि १९५९-६० पासून राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम आली. तोवर उद्देश सर्वांची तब्येत हा होता. निवडक मुले वेचून काढण्याचे यंत्र पूर्व जर्मनीने उभे केले: १९७३ पासून तिथे शाळकरी मुलांची देशभर एकसारखी मोजमापे घेऊन निवडलेल्यांना क्रीडाशाळांत पाठवले जाऊ लागले. त्या देशाच्या पदकांच्या राशीमागे उत्तेजक द्रव्येही होती, हे नंतर उघड झाले. पण तोवर मुलांना लहान वयात मोजून निवडण्याची कल्पना जगभर पोचली होती.

दिल्लीत १९८२ च्या आशियाई स्पर्धा झाल्या, १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी ८ ते १४ वयोगटासाठी राष्ट्रीय क्रीडा प्रतिभाशोध योजना सुरू झाली. महाराष्ट्राने १९९६ मध्ये क्रीडा प्रबोधिनी काढली तेव्हा चाचण्यांचा साचा तयारच होता. विदर्भातल्या मुलांना त्याची भाषा परकी वाटली नाही, याला एक कारण आहे. पोलीस भरतीसाठी छाती फुगवून ५ सेंटिमीटरचा फरक दाखवायचा असतो आणि पळायचे असते, हे गावोगावच्या मैदानांवर पहाटे सराव करणाऱ्या पोरांकडे पाहून त्यांना केव्हाच कळलेले असते.

जगात इतरत्रही हीच मापे भेटतात, फक्त क्रम उलटा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये १९८६ पासून तरुण खेळाडूंची ‘ड्राफ्ट’ पद्धतीने वाटणी होते. संघांनी पाळी येईल तसा एकेक खेळाडू उचलायचा. त्याआधीच्या चाचणी शिबिरातही धाव, उंच उडी आणि दमसास मोजतात. पण तिथला पारखी त्या मुलाला आधी कितीतरी सामन्यांत पाहून आलेला असतो. घड्याळ त्याचे मत पक्के करते किंवा त्याला शंका घ्यायला लावते. आपल्याकडे घड्याळ पहिल्या दारात उभे आहे. ज्या मुलाने खरा सामना कधी खेळलाच नाही त्याच्यासाठी हे दार न्याय्य आहे. कोणाच्या ओळखीवाचून, कोणत्या मैदानावर वाढला हे न विचारता त्याचा आकडा लिहिला जातो, आणि वस्तादाच्या डोळ्याला हे कधी जमले नव्हते. मात्र चेंडू येण्याआधी जागा ओळखणारे मूल या दारातून कोरे परत जाऊ शकते, कारण ती समज नऊपैकी कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्याहून मोठी अडचण वयाची आहे. तेरा वर्षांचा एक मुलगा मिसरूड फुटलेला असतो आणि दुसरा अजून पोरसवदा. मेडिसिन बॉल पहिल्याचा लांब जातो, यात कौशल्याचा भाग थोडाच. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांतून दाखवले, की वयोगटाच्या मोजणी-तारखेनंतर लगेच जन्मलेली मुले निवडीत फार जास्त दिसतात. त्यांना जवळपास वर्षभराची वाढ जास्तीची मिळालेली असते आणि निवडणारे तिलाच गुणवत्ता समजतात. आपल्याकडे त्यात दाखल्यावरच्या तारखेचा घोळ मिसळतो. जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांचा जन्मदिवस मास्तरांच्या कृपेने १ जून आहे. क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाचा एक्स-रे काढून टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने हाडांचे वय ठरवते, पण तालुक्याच्या मैदानावर ते शक्य नाही. स्वस्त उपाय उपलब्ध आहे. बसल्यावरची उंची, उभ्याची उंची, वजन आणि वय यांवरून मूल वाढीच्या सर्वाधिक वेगापासून किती दूर आहे याचा अंदाज बांधण्याचे सूत्र कॅनडाच्याच मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केले. तेही अंदाजच देते. फार लवकर वा फार उशिरा वाढणाऱ्या मुलांत चुकते. तरी त्यासाठी एक स्टूल आणि आणखी एक रकाना एवढेच लागते, आणि हा रकाना नऊमध्ये असायला हवा होता.

चाचणीचा निकाल अंतिम मानला नाही तर काय घडते, याचे चांगले उदाहरण तिरंदाज प्रवीण जाधव याचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील सरडे गावचा हा मुलगा शाळेत असताना धावपटू होता आणि त्याच जोरावर क्रीडा प्रबोधिनीत आला. मैदानी स्पर्धांचा भार त्याच्या अशक्त शरीराला झेपेना. त्याला घरी न पाठवता इतर खेळांसाठी तपासले गेले; कड्यातून चेंडू टाकण्याच्या एका चाचणीत त्याचा नेम उठून दिसला आणि त्याची रवानगी अमरावतीला तिरंदाजीसाठी झाली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तो भारताकडून खेळला. नेम ही गोष्ट सत्तावीस गुणांच्या तक्त्यात नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘खेलो इंडिया’अंतर्गत ‘कीर्ती’ हा प्रतिभाशोध कार्यक्रम चंडीगडहून सुरू केला. त्यात वयोमर्यादा ९ ते १८ अशी रुंदावली आहे आणि नोंदी संगणकावर राहतात. त्यामुळे उशिरा वाढणाऱ्या मुलाला पुन्हा चाचणी देण्याची संधी मिळते, आणि एकाच मुलाचे वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येतात. उडी वा धाव दर वर्षी किती वाढली, हे एका दिवसाच्या चाचणीतून दिसत नव्हते.