विमान-प्रतिकृतींसाठी बॅटरी-कनेक्टरची निवड

रेडिओ नियंत्रणावर उडणाऱ्या मोठ्या विद्युत विमान-प्रतिकृतीसाठी मोटार, बॅटरी आणि स्पीड कंट्रोलर यांची निवड पुष्कळ विचाराने केली जाते. बॅटरी आणि कंट्रोलर यांना जोडणाऱ्या लहानशा कनेक्टरकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. वस्तुतः मोटारीला लागणारी सारी वीज याच सांध्यातून वाहते. अनेक प्रतिकृतींत रिसीव्हरला आणि सुकाणू हलविणाऱ्या सर्व्हो मोटारींनाही त्याच बॅटरीतून वीज मिळते. अशा विमानाचा हा सांधा हवेत निकामी झाला, तर मोटार बंद पडतेच, शिवाय विमानावरील ताबाही सुटतो. चार-पाच किलो वजनाचे विमान मग कोठे कोसळेल, याचा नेम राहत नाही.

उष्णतेचे गणित

कनेक्टरमध्ये निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या एका सेलचे सर्वसाधारण व्होल्टेज ३.७ असते. २,००० वॉट शक्तीसाठी तीन सेलच्या बॅटरीतून सुमारे १८० अँपिअर प्रवाह घ्यावा लागतो, सहा सेलच्या बॅटरीतून ९०, तर बारा सेलच्या बॅटरीतून केवळ ४५. कनेक्टरचा रोध अर्धा मिलिओहम धरला, तर त्यात अनुक्रमे सुमारे १६, ४ आणि १ वॉट उष्णता निर्माण होते. सोळा वॉट म्हणजे जवळजवळ लहान सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता! म्हणूनच अधिक शक्ती हवी असल्यास जाड कनेक्टर शोधण्याआधी सेलची संख्या वाढविता येईल का, हे पाहावे. मोटार आणि कंट्रोलर तेवढ्या व्होल्टेजला योग्य असणे अर्थातच आवश्यक आहे.

नावातील आकडा

एक्सटी-६० आणि एक्सटी-९० या प्रचलित कनेक्टरांच्या नावांतील आकडा पाहून अनेकांची फसगत होते. तो अल्पकाळ पेलता येणारा प्रवाह असतो. सतत वाहणाऱ्या प्रवाहाची निर्मात्याने दिलेली मर्यादा साधारणतः त्याच्या निम्मीच असते. उड्डाणाच्या वेळी काही सेकंद लागणारा कमाल प्रवाह आणि उरलेल्या वेळेतील सरासरी प्रवाह, असे दोन्ही आकडे मीटरने मोजूनच निवड करावी. मध्यम विमानांना एक्सटी-९० किंवा पाच मिलिमीटर जाडीच्या पिनांचा ईसी-५ पुरतो. त्याहून मोठ्या प्रवाहासाठी सात मिलिमीटरच्या पिनांचा एएस-१५० वापरतात. स्वस्त नकलांमध्ये पिना सैल बसतात आणि रोध वाढतो. त्यामुळे येथील काटकसर महागात पडते.

ठिणगीचा बंदोबस्त

व्होल्टेज वाढविण्याचा एक तोटा आहे. बॅटरी जोडताच कंट्रोलरमधील कपॅसिटर क्षणार्धात भारित होतात आणि मोठी ठिणगी उडते. वारंवारच्या ठिणग्यांनी पिनांचा मुलामा जळतो, संपर्क बिघडतो. एक्सटी-९०-एस आणि एएस-१५० या प्रकारांत यासाठी लहान रोधक बसविलेला असतो. त्यातून कपॅसिटर आधी हळूहळू भारित होतात आणि मग पूर्ण संपर्क घडतो. सहा किंवा अधिक सेल असल्यास हीच निवड श्रेयस्कर.

जोडणी आणि तपासणी

बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच वेळी कापू नयेत, कारण कात्रीच्या पात्याने शॉर्टसर्किट होते. एक तार सोल्डर करून तिच्यावर आवरण चढवावे, मगच दुसरी कापावी. सोल्डर करताना कनेक्टरची जोडी एकमेकांत बसवून ठेवल्यास प्लॅस्टिक मऊ झाले तरी पिना सरकत नाहीत. धातूची टोके उघडी न राहणारा सॉकेटचा भाग नेहमी बॅटरीकडे असावा.

उड्डाणानंतर बॅटरी सोडविताना कनेक्टरला हात लावून पाहावा. तो कोमट असल्यास चिंता नाही. हात ठेववत नसेल किंवा प्लॅस्टिक काळवंडले असेल, तर कनेक्टर बदलल्याशिवाय ते विमान पुन्हा उडवू नये.